तेरापट

फॉर्मवर आडव्या ओळीत उपद्रव देणारे,
उभ्या रकान्यात सोसणारे.
प्रत्येक रेडिओचं नाव दोन्हीकडे आहे.
कुणी आखला हा फॉर्म माहीत नाही,
पण बरंच जग पाहिलेला माणूस असावा.

जानेवारी. ओझरच्या हँगरबाहेर सकाळचे सात,
पारा चारवर. कुंपणापलीकडच्या द्राक्षबागांत
रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
अजून जमिनीलगत बसून आहे.
विमान कालच रंगून आलंय, हात लावला तर चिकटेल असं वाटतं.
आत धर्मा भोये, कानांवर हेडसेट, त्यातला उजवाच कामाचा
(डावा कान इंजिनांनी नेला, ते म्हणतात, पगारातून कापून).
खाली स्टुलावर मी, मांडीवर लॅपटॉप.

काम सोपं आहे: एकानं बोलायचं,
मग बाकीच्यांना एकेकाला विचारायचं, ऐकू येतंय ना?
तिसाव्या चौकटीपर्यंत मी ठीक, ठीक, ठीक लिहीत आले.

मग एकशे एकवीस दशांश दोन.
भोयेंनी बटण दाबलं
आणि माझ्या पडद्यावरचे अकरा उपग्रह
भांडं पडल्यावर चिमण्या उडाव्यात तसे गेले.
सोडलं. एकेक परत आला, बिचकत.
दाबलं. गेले.

पाठच्या कोऱ्या पानावर गुणाकार मांडला:
तेरापट केली की पंधराशे पंचाहत्तर, वर थोडं.
नेमकी तीच फट, जिथून आकाश आपल्याला
आपला पत्ता सांगतं.
तेराव्या पटीपर्यंत आवाजात उरतं तरी काय,
पण वीस हजार किलोमीटर वरून उतरणारी कुजबुज
त्याच्यापुढेही टिकत नाही.

म्हणजे वैमानिकानं तोंड उघडलं, की विमान विसरणार
आपण कुठे आहोत ते.
मी हसले. इंटरकॉमवर भोये हसले नाहीत.

तीस सेकंद सलग बोला, मी म्हटलं.
बाकीचे एक ते दहा मोजतात. भोये गावं म्हणतात,
कंडक्टरच्या सुरात:
ओझर. जानोरी. मोहाडी. दिंडोरी.
प्रत्येक नावाला पडदा रिकामा.

दुपारी ते स्वतः शिडी लावून वर चढले.
अँटेनाच्या बुडाशी, जिथे पत्र्याला पत्रा भिडायला हवा,
तिथे रंगाचा पापुद्रा. नवा. सुंदर.
ब्लेडनं खरवडला. खाली पेंट शॉपचा रियाझ
कपाळाला हात लावून उभा.
दहाच्या नाण्याएवढं उघडं अॅल्युमिनियम निघालं,
उन्हात डोळ्यांवर येणारं.
मीटर अडीच मिलिओहमच्या खाली उतरला.
"आता बोलायला हरकत नाही," वरून भोये.

पुन्हा एकशे एकवीस दशांश दोन. पुन्हा बटण.
ओझर. जानोरी. मोहाडी. दिंडोरी.
अकराच्या अकरा उपग्रह जागेवर.
करंजवण.
तीस सेकंद झाले होते.
मी थांबवायला हवं होतं.
पिंपळपाडा, भोये म्हणाले. वरची आळी.
उंबराखालची विहीर. देवजीची पडवी.
शाळा, एकच खोली, दार पूर्वेला.
नावं येत राहिली, सावकाश,
ज्या उतारावर ती होती त्याच उताराच्या क्रमानं,
आणि शेवटी नदी, जिथे आता
तिला नदी म्हणत नाहीत, धरण म्हणतात.

एकही उपग्रह हलला नाही.
पडद्यावर आमचा ठिपका, ओझर, तीन मीटरच्या आत.
त्रेपन्न सेकंद.

चौकटीत मी ठीक लिहिलं. शेऱ्याचा रकाना बराच मोठा असतो.

तेवढ्यात टॉवरवरचा नवा मुलगा,
जांभई आवरत: "कोणतं स्टेशन बोलतंय?
आपलं ठिकाण पुन्हा सांगा."

भोयेंनी बटणावरचा अंगठा
केव्हाच उचलला होता.